आरोपीच्या बाजूचा वकील : रोबेस्पिअर

रोबेस्पिअर म्हटले की गिलोटिन आणि गिलोटिन म्हटले की रोबेस्पिअर, एवढे एकच समीकरण आपल्या पाठ्यपुस्तकांनी विद्यार्थ्यांच्या डोक्यात पक्के बसवले आहे. बी. ए.च्या वर्गाला मी फ्रेंच राज्यक्रांती शिकवतो. 'दहशतीचे राज्य' या विषयावर टीप लिहायला सांगितली की निम्म्या उत्तरपत्रिकांत हा माणूस रक्तपिपासू असतो. उलट चळवळीत वावरणारे माझे काही तरुण मित्र त्याच्याविरुद्ध ब्र काढू देत नाहीत. क्रांती म्हणजे काय मेजवानी आहे का, असे ते मलाच विचारतात. या दोन्ही पक्षांतले कोणीही, तो मुळात वकील होता आणि वकील म्हणून कोणाच्या बाजूने उभा राहत होता, हे पाहायला तयार नसते. माझ्या मते सुरुवात तेथूनच केली पाहिजे. कारण त्याचे मोठेपण आणि त्याचा अपराध ही दोन्ही कोर्टाच्या पायरीवरच नीट दिसतात.

मॅक्सिमिलियन रोबेस्पिअरचा जन्म ६ मे १७५८ रोजी उत्तर फ्रान्समधील आर्त्वा प्रांतात, आरास या गावी झाला. तो काही आपल्यासारखा पहिल्या पिढीचा शिकलेला नव्हे. बाप वकील, आजा वकील. पण तो सहा वर्षांचा असताना आई बाळंतपणात गेली आणि पुढे बापाने घर सोडले. चार भावंडांना आजोळच्या आजी-आजोबांनी आणि आत्यांनी वाढवले. १७६९ मध्ये आरासच्या सँ-व्हास्त मठाची शिष्यवृत्ती मिळाली आणि अकरा वर्षांचा हा मुलगा पॅरिसच्या लुई-ल-ग्रां या नामांकित विद्यालयात दाखल झाला. तेथे तो बारा वर्षे राहिला. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाचा हिशेब वेगळा असतो. आजूबाजूच्यांना जे सहज मिळते ते आपल्याला कोणाच्या तरी सहीने मिळते आहे, हे त्याला रोज कळत असते. माझी स्वतःची शिष्यवृत्ती वर्ष संपत आल्यावर हातात पडत असे, म्हणून हे मला पुस्तकाशिवाय कळते. विद्यालय सोडताना त्याला ६०० लिव्रचे बक्षीस मिळाले आणि त्याची शिष्यवृत्ती धाकट्या भावाला, ऑगस्टँला देण्यात आली. कामिय देमुलँ हा पुढे प्रसिद्ध झालेला पत्रकार याच विद्यालयातला त्याचा सोबती. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

१७८१ मध्ये तो आरासला परतला आणि वकिली करू लागला. त्या काळची फ्रेंच न्यायव्यवस्था ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. १६७० च्या राजाज्ञेप्रमाणे गंभीर फौजदारी खटल्यात आरोपीला वकील मिळत नसे. चौकशी बंद दाराआड होई. फिर्याद काय, साक्षीदार कोण, हे आरोपीला शेवटी शेवटी कळे. शिक्षेतही जात होती, म्हणजे त्यांच्याकडली : सरदाराचा तलवारीने शिरच्छेद, सामान्याला फास किंवा चाकावर बांधून हाडे मोडणे. त्यामुळे न्यायासाठी धडपडणाऱ्या वकिलाजवळ दोनच मार्ग उरत. एक दिवाणी दावा, आणि दुसरा छापील कैफियत काढून लोकांपुढे जाणे. रोबेस्पिअरने दोन्ही केले. एका मठातल्या साधूने देतफ नावाच्या दोर वळणाऱ्या कारागिरावर चोरीचा आळ घेतला होता. चोर तो साधूच निघाला. तेव्हा रोबेस्पिअरने मठालाच नुकसानभरपाईसाठी कोर्टात खेचले. ज्या धर्मसंस्थेच्या पैशावर तो शिकला तिच्याच जगातल्या एका मठावर हा दावा होता. गावातल्या मोठ्या वकिलांना ते रुचले नाही. १७८३ मध्ये सँत-ओमेर गावातील एका गृहस्थाने घरावर बसवलेल्या वीजनिवारकाचा खटला जिंकल्यामुळे त्याचे नाव झाले. त्या खटल्याविषयी सगळे चरित्रकार भरभरून लिहितात, पण मला तो दोरवाल्याचाच खटला अधिक महत्त्वाचा वाटतो.

त्याहूनही महत्त्वाचा आहे तो १७८४ सालचा एक निबंध. मेत्झ शहरातील विद्वत्सभेने स्पर्धेसाठी विषय ठेवला होता : गुन्हेगाराला मिळालेल्या शिक्षेची नामुष्की त्याच्या सगळ्या कुटुंबाला चिकटते, ही समजूत कोठून आली, आणि ती उपकारक की अपायकारक? ज्याला फाशी झाली त्याच्या भावाला नोकरी मिळत नसे, बहिणीचे लग्न होत नसे. गुन्हा एकाने करावा आणि कलंक रक्तातून वाहावा, अशी ही रीत. सव्वीस वर्षांच्या रोबेस्पिअरने तिच्यावर हल्ला चढवला. जिथे माणसाची किंमत त्याच्या घराण्यावरून ठरते तिथेच असला पूर्वग्रह वाढतो, असे त्याचे म्हणणे. तलवारीने मान उडवलेल्या सरदाराच्या वंशजांची मान खाली जात नाही, मग फासावर गेलेल्या गरिबाच्याच मुलांनी का लाजावे? म्हणून शिक्षेची तऱ्हा सर्वांना सारखी करा, अशी त्याची सूचना होती. त्याला पदक आणि ४०० लिव्र मिळाले. पुढे औरस-अनौरस संततीच्या प्रश्नावरही त्याने आरासच्या विद्वत्सभेत निबंध वाचला. जन्माने येणारा बट्टा हा त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसलेला विषय होता, असे दिसते.

हे वाचताना आपल्याकडच्या वाचकाला काय आठवेल ते सांगायला नको. तरीही दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही. फाशी झालेल्याचे कुटुंब गाव बदलून नाव लपवू शकत होते. आपल्याकडे गाव बदलले तरी आडनाव पुढे धावत येते. त्याच्या निबंधाची जवळची जोडी आपल्याला सापडते ती १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात. त्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि तो १९५२ साली रद्द झाला. म्हणजे रोबेस्पिअरने जे वेडगळ ठरवले ते आपल्या देशात जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनंतरही विमुक्तांच्या मानेवरून उतरायचे होते.

१७८९ उजाडले. राजाने तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली आणि गावोगावी गाऱ्हाण्यांच्या याद्या लिहिल्या जाऊ लागल्या. आरासमध्ये जुने जोडे दुरुस्त करणाऱ्या चांभारांचा संघ हा सगळ्यात गरीब. त्यांनी आपली यादी लिहायला रोबेस्पिअरला बोलावले. इंग्लंडशी झालेल्या १७८६ च्या व्यापारी तहानंतर महागलेले कातडे आणि नगराधिकाऱ्यांकडून होणारी मानहानी, हे त्या यादीतले विषय. कातड्याची आणि अब्रूची गाऱ्हाणी एकाच कागदावर आली, यात मला तरी काही नवल वाटत नाही. त्याच वसंतात तिसऱ्या वर्गाचा प्रतिनिधी म्हणून तो व्हर्सायला गेला.

या सभेने ऑगस्ट १७८९ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचे जगाला सांगितले. आणि दोन-तीन महिन्यांतच याच सभेने नागरिकांचे दोन भाग केले : 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय'. तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर जो भरील तोच मतदार. घरगड्यांना मत नाही. प्रतिनिधी व्हायचे तर एका चांदीच्या मार्काइतका, म्हणजे सुमारे ५० लिव्र कर भरला पाहिजे आणि जमीनजुमलाही पाहिजे. पंचवीस वर्षांवरील सुमारे सत्तर लाख पुरुषांपैकी ४३ लाखांच्या आसपास सक्रिय ठरले आणि बाकीचे क्रांती होऊनही बाहेर. स्त्रिया तर मोजणीतच नव्हत्या. रोबेस्पिअरने २२ ऑक्टोबर १७८९ रोजी याला विरोध केला आणि पुढे १७९१ पर्यंत तो करतच राहिला. कायदा करण्यात ज्याचा वाटा नाही त्याच्यावर तो कायदा लादणे ही गुलामीच, हा त्याचा मुद्दा. सभागृह हसे, गोंगाट करी, वृत्तपत्रे त्याचे नावसुद्धा चुकीचे छापत. तो पुन्हा उठून बोले.

डिसेंबर १७८९ मधली चर्चा तर मुळातून वाचण्यासारखी आहे. प्रश्न होता ज्यू, प्रॉटेस्टंट, नट आणि फाशी देणारे जल्लाद यांना नागरिकत्वाचे पूर्ण हक्क असावेत काय? जल्लादाचा धंदा फ्रान्समध्ये घराण्यात चालत असे. पॅरिसचे सॅन्सन घराणे पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करीत होते आणि लोक त्यांच्या सावलीपासून दूर राहत. कायद्याचे घाणेरडे काम समाजाने त्यांच्याकडून करवून घ्यायचे आणि त्याबद्दल त्यांनाच वाळीत टाकायचे. सरदार क्लेर्मों-तोनेरने सर्वांच्या वतीने प्रस्ताव मांडला. जल्लादाविषयीची घृणा हा पूर्वग्रह नव्हेच, असे उत्तर मोरी या धर्मगुरूने दिले. रोबेस्पिअर नटांच्या आणि ज्यूंच्या बाजूने बोलला. ज्यूंच्या अंगी जे दोष दाखवले जातात ते त्यांना दिलेल्या वागणुकीतून आले आहेत, ते त्यांच्या धर्माचे नव्हेत, हा त्याचा युक्तिवाद होता. सर्व ज्यूंना हक्क मिळायला २७ सप्टेंबर १७९१ उजाडावे लागले.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेबांनी १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या याच सभेचा दाखला दिला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. मात्र त्या सभेत दोन तट होते आणि बहुमत मालमत्तेच्या बाजूचे होते, हे फारसे सांगितले जात नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द एकत्र गुंफून राष्ट्रीय रक्षकदलाच्या गणवेशावर आणि झेंड्यावर लिहावेत, अशी सूचना डिसेंबर १७९० मध्ये रोबेस्पिअरने केली. ती मान्य झाली नाही. आपण ही त्रयी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहे, असे बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले होते. पुढची हकीकत पाहिली म्हणजे त्यांनी हा फरक आवर्जून का सांगितला असावा, याचा अंदाज येतो.

वसाहतींच्या प्रश्नावर मे १७९१ मध्ये त्याने आणखी एक लढत दिली. वसाहतींतील मळेवाल्यांच्या हितासाठी कायद्यात 'गुलाम' हा शब्द घालण्याचा डाव होता. तो शब्द घटनेत आला की गुलामगिरीला घटनेचीच मोहोर बसेल, हे ओळखून त्याने विरोध केला. मुक्त काळ्या लोकांच्या हक्कांसाठीही तो बोलला. मळेवाल्यांचा कैवारी बार्नाव्ह हाही वकीलच होता. वकिलीच्या पदवीने माणूस कोणत्या बाजूला जाईल याची काहीच खात्री नसते. आणि रोबेस्पिअरच्याही काही जागा मुक्याच राहिल्या. १४ जून १७९१ रोजी ल शापलिये याच्या कायद्याने कामगारांच्या संघटना आणि संप बेकायदा ठरवले, तेव्हा हा गरिबांचा वकील त्याविरुद्ध उठला नाही.

कायद्याच्या क्षेत्रात मात्र क्रांतीने फार मोठी मजल मारली होती. ऑक्टोबर १७८९ मध्ये आरोपीला वकील मिळाला. २१ जानेवारी १७९० च्या हुकुमाने गुन्हा हा व्यक्तीचाच असतो, त्याचा कलंक कुटुंबाला लागत नाही, असे जाहीर झाले. १७८४ चा निबंध जणू कायदा होऊन आला. शिक्षा सर्वांना सारखी हे तत्त्व डॉक्टर गिलोतँ यांनी मांडले होते, आणि एप्रिल १७९२ मध्ये सुरू झालेले गिलोटिन हे त्याच तत्त्वाचे यंत्र. पाटलाची आणि महाराची मान एकाच पात्याखाली, अशी आपल्या भाषेत त्याची फोड करता येईल. आज ते क्रौर्याचे प्रतीक असले तरी आले होते ते समतेच्या नावाने. रोबेस्पिअर तर त्याही पुढे गेला होता. ३० मे १७९१ रोजी त्याने देहान्ताची शिक्षाच रद्द करण्याची मागणी केली. न्यायाधीश चुकू शकतो, आणि मेलेल्याला न्याय परत देता येत नाही. सभेने ऐकले नाही.

मग हा माणूस बदलला कसा? सत्तेची चटक, असे सोपे उत्तर मला पटत नाही. तो सुताराच्या घरी भाड्याने राहत होता आणि त्याने पैसा खाल्ल्याचे त्याच्या शत्रूंनाही दाखवता आले नाही. बदल युद्धाने घडवला. गंमत अशी की १७९१-९२ च्या हिवाळ्यात ब्रिसोच्या गटाने युद्धाचा धोशा लावला तेव्हा विरोध करणाऱ्या थोड्यांत तो होता. बंदुका घेऊन आलेले धर्मप्रचारक कोणालाच आवडत नाहीत, असे त्याने बजावले होते. एप्रिल १७९२ मध्ये युद्ध झालेच. १० ऑगस्टला राजेशाही कोसळली. ३ डिसेंबर १७९२ च्या भाषणात त्याने जो युक्तिवाद केला तो मी विद्यार्थ्यांना दोनदा वाचायला लावतो. राजावर खटला भरायचा म्हणजे तो निर्दोष असू शकतो असे मानायचे, आणि तो निर्दोष असेल तर क्रांतीच गुन्हेगार ठरते. म्हणून खटला नको, सरळ शिक्षा. राजकारण म्हणून हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण आरोपी निर्दोष असू शकतो या गृहीतकावरच तर वकिलाचा धंदा उभा असतो. ते एका माणसापुरते काढून टाकले की ते दुसऱ्यापुरतेही काढता येते. राजावर खटला झाला आणि २१ जानेवारी १७९३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. तो युक्तिवाद मात्र मागे राहिला.

२७ जुलै १७९३ रोजी रोबेस्पिअर सार्वजनिक सुरक्षा समितीत आला. देशाभोवती ऑस्ट्रिया, प्रशिया, इंग्लंड, स्पेन. पश्चिमेला व्हांदेचे बंड. पॅरिसमध्ये पावाची टंचाई. तो हुकूमशहा नव्हता, बारा सभासदांपैकी एक होता, आणि १७९३ च्या घटनेने सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार देऊ केला होता, हेही नोंदवले पाहिजे. ती घटना शांतता होईपर्यंत म्हणून बासनात गेली. १७ सप्टेंबर १७९३ ला संशयितांचा कायदा झाला. त्यात एक कलम असे : देश सोडून गेलेल्यांचे नवरे, बायका, आई-बाप, मुले, भावंडे यांनी क्रांतीविषयीची निष्ठा सतत दाखवलेली नसेल तर तेही संशयित. रक्तातून वाहणारा कलंक पुढच्या दाराने हाकलला होता, तो मागच्या दाराने असा परत आला. आणि ज्याने त्याच्याविरुद्ध पदक मिळवले होते तो समितीत बसला होता. त्याने काहींना वाचवलेही. ऑक्टोबरात सत्तराहून अधिक प्रतिनिधींना न्यायाधिकरणापुढे खेचू पाहणाऱ्यांना त्याने अडवले. पण ५ एप्रिल १७९४ रोजी डँटनबरोबर कामिय देमुलँ गिलोटिनखाली गेला. त्याच्या लग्नात रोबेस्पिअर साक्षीदार होता. आठ दिवसांनी कामियची बायको ल्युसिल हिचीही मान उडाली.

१० जून १७९४ चा कायदा, ज्याला क्रांतीच्या पंचांगाप्रमाणे बावीस प्रेरिआलचा कायदा म्हणतात, तो कुथाँने मांडला. कुथाँसुद्धा गरिबांचे खटले फुकट चालवणारा वकील. या कायद्याने आरोपीचा वकील काढून टाकला. पुरावा पुरेसा वाटला तर साक्षीदार नकोत. निकाल दोनच, सुटका किंवा मृत्यू. निरपराध देशभक्ताला देशभक्त ज्यूरी हाच वकील आणि कटवाल्याला वकील कशाला, असा त्यामागचा तर्क. आरोपी कटवाला आहे की देशभक्त, हे खटल्याआधी ठरवायचे कोणी, हा साधा प्रश्न दोन वकिलांना पडला नाही. काही सभासदांनी विचाराला मुदत मागितली. रोबेस्पिअर अध्यक्षपदी होता. त्याने उठून भाषण केले आणि त्याच बैठकीत मंजुरी घेतली. त्याआधीच्या सुमारे चौदा महिन्यांत पॅरिसच्या न्यायाधिकरणाने साडेबाराशेच्या आसपास लोकांना मृत्यूची शिक्षा दिली होती. पुढच्या सात आठवड्यांत तो आकडा जवळपास १,४०० झाला.

कोण होते हे लोक? माझ्या तरुण मित्रांना मी येथे थांबवतो, कारण त्यांच्या कल्पनेत गिलोटिनखाली नुसते सरदार असतात. पॅरिसच्या त्या शेवटच्या आठवड्यांत सरदार-सावकार बरेच होते, हे खरे. पण डोनाल्ड ग्रीअर या अभ्यासकाने १९३५ मध्ये साऱ्या देशातील सुमारे १७ हजार देहान्त शिक्षांचा हिशेब मांडला. त्यात सरदार आणि धर्मगुरू मिळून पंधरा टक्क्यांच्या आसपास. शेतकरी आणि कारागीर-मजूर मिळून निम्म्याहून अधिक. बचावाची साधने काढून घेतली की ज्याच्याजवळ दुसरे कोणतेच साधन नाही तो आधी मरतो. त्यात २३ जुलै १७९४ रोजी पॅरिसमध्ये मजुरीची कमाल मर्यादा जाहीर झाली आणि हातावर पोट असलेल्यांची रोजी उतरली. ज्यांच्या बळावर रोबेस्पिअर उभा होता ते लोक चारच दिवसांनी त्याच्यासाठी पुरेशा संख्येने रस्त्यावर राहिले नाहीत.

२७ जुलैला कन्व्हेन्शनने त्याला पकडण्याचा हुकूम काढला. तो नगरभवनात गेला तेव्हा त्याला कायद्याबाहेर टाकण्यात आले. कायद्याबाहेरच्या माणसावर खटला नसतो. न्यायाधिकरणाने फक्त ओळख पटवायची, 'हाच तो' म्हणायचे. गोळीने फुटलेला जबडा बांधलेल्या स्थितीत त्याला आणले गेले, ओळख पटली, आणि २८ जुलै १७९४ च्या संध्याकाळी भाऊ ऑगस्टँ, सँ-झ्युस्त, कुथाँ आणि इतर मिळून बावीस जणांचा शिरच्छेद झाला. काम सॅन्सन घराण्यानेच केले. तो छत्तीस वर्षांचा होता.

त्याला पाडणारे काही लोकशाहीवादी नव्हते. १७९५ च्या नव्या घटनेत मताधिकार पुन्हा मालमत्तेला बांधला गेला आणि सर्व प्रौढ पुरुषांना तो मिळायला १८४८ साल यावे लागले. फेब्रुवारी १७९४ मध्ये रद्द झालेली वसाहतींतील गुलामगिरी १८०२ मध्ये नेपोलियनने परत आणली. बावीस प्रेरिआलचा कायदा मात्र रोबेस्पिअरच्या मृत्यूनंतर चारच दिवसांनी रद्द झाला. त्यामुळे त्या न्यायाधिकरणाचा सरकारी वकील फुकिये-तँव्हिल, ज्याने हा कायदा रोज राबवला होता आणि ज्याच्यासमोर रोबेस्पिअरची ओळख पटवली गेली होती, त्याच्यावर १७९५ च्या वसंतात खटला चालला तो रीतसर. महिनाभराहून अधिक दिवस साक्षीदार तपासले गेले, त्याला स्वतःची बाजू सविस्तर मांडू दिली गेली, आणि मग ७ मे रोजी त्याला गिलोटिनकडे नेण्यात आले.